तिची स्वतःची पेटी

आजीची फणेरपेटी आठवतेय? झाकणात आरसा, आत फणी, मेण, कुंकू; आणि तळाशी जपलेलं एखादं पत्र. भरल्या घरात तेवढीच जागा तिची स्वतःची! आज लेकीच्या वाढदिवसाला प्लॅस्टिकचा रंगीत डबा आणून आपण मोकळ्या होतो. त्यापेक्षा सुट्टीत तिलाच लाकडाची पेटी करू द्या ना. सागवान चांगलं वाळलेलं हवं. ओलं लाकूड मागाहून वाकतं, फटी पडतात. कोपरे नुसत्या खिळ्यांवर न ठेवता दातात दात अडकवून जोडावेत. झाकणाला केसभर ढिलाई ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात ते फुगून बसलंच म्हणून समजा. मुलीच्या हाती करवत कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. विळी बरी चालते तिला! आणि हो, पेटीला कुलूप हवंच. किल्ली मागायची नाही.