‘अपिटी’ कोण आणि ‘माजलेला’ कोण?

इंग्रजीत उद्धट माणसासाठी पुष्कळ शब्द आहेत. त्यातला एक ‘अपिटी’. शब्दकोशात त्याचा अर्थ शिष्ट, स्वतःला मोठा समजणारा असा मिळतो. पण अमेरिकेत हा शब्द कोणाला उद्देशून वापरला गेला, हे पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

‘अप’ म्हणजे वर. ठरवून दिलेल्या जागेवरून वर उठलेला तो ‘अपिटी’. १८६५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण काळ्या माणसाची जागा खालीच, ही समजूत संपली नाही. नीटनेटके कपडे घालणारा, गोऱ्या माणसाच्या नजरेला नजर देणारा, मताचा हक्क मागणारा काळा माणूस ‘अपिटी’ ठरू लागला. दक्षिणेकडील राज्यांत या शेऱ्यामागून मारहाण आणि झुंडबळीही येत.

सप्टेंबर २००८ मध्ये जॉर्जियाचे खासदार लिन वेस्टमोरलँड यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा आणि मिशेल ओबामा यांच्याबद्दल हाच शब्द वापरला. टीका झाल्यावर त्यांनी सांगितले की, त्याला वांशिक अर्थ आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते. बोलणाऱ्याला इतिहास विसरता येतो, ऐकणाऱ्याला नाही.

आपल्याला हे समजायला शब्दकोश लागत नाही. ‘माजलेत’, ‘डोक्यावर बसलेत’, ‘लायकीत राहा’ ही त्याच घरातली भावंडे. कॉलेजात आणि ऑफिसात त्याचे सभ्य रूप ऐकू येते : ‘त्याला फार अ‍ॅटिट्यूड आहे.’

आता हे शब्द कोणत्या वागण्यावर पडतात ते बघा. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, म्हणून एका तरुणाचा जीव घेतला गेला. २०१७ साली गुजरातमधील लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या आजही येतात. गाणे, मिशी, घोडा. यात शिवी कोणाला दिली? अपमान कोणाचा केला? हेच दुसऱ्याने केले तर हौस, रुबाब, परंपरा. आपण केले तर माज.

काळ्या माणसांचे आणि आपले दुखणे सारखे आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ नुसार लोकांच्या नजरेसमोर जातीवाचक शिवी देणे हा गुन्हा आहे. हेतुपुरस्सर अपमान करणे हाही वेगळा गुन्हा आहे. मात्र तो अपमान पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असल्यामुळेच झाला, हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मधील हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. ‘माजलास का?’ यात जातीचे नाव नाही. म्हणून जबाब देताना ‘शिवीगाळ केली’ एवढ्यावर थांबू नका. नेमके शब्द लिहून घ्यायला लावा. आधी आपण काय करत होतो, तेच करणाऱ्या इतरांना कोणी अडवले का, समोर कोण कोण होते, हे सगळे नोंदवून घ्या. शब्दातली जात या तपशिलातून दिसते.

सुत्तनिपातातील वसल सुत्तात अशीच एक घटना आहे. श्रावस्तीत भिक्षेसाठी निघालेल्या तथागतांना अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने दुरूनच ‘वसल’, म्हणजे नीच, म्हणून हटकले. तथागत रागावले नाहीत की मागे फिरले नाहीत. वसल म्हणजे कोण हे तुला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले आणि सांगितले की, नीच जन्माने होत नाही, कर्माने होतो.

आपणही हाच प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. कोणी ‘उर्मट’ म्हटले की मान खाली घालू नये, हातही उचलू नये. शांतपणे विचारावे : मी नेमके काय केले? आणि हेच तुम्ही केले असते, तर त्याला काय म्हटले असते?