कापसाचा तास कुणाचा?

लहान मुलांनी प्रश्न विचारीत, शोध घेत शिकावे आणि त्या शोधाच्या आड विषयांच्या भिंती येऊ नयेत, हा विचार आता नवा राहिलेला नाही. तरीही त्याची चर्चा निघाली की आपण साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक थोडे अंग चोरून बसतो. हे काम विज्ञानवाल्यांचे, फार तर शिक्षणशास्त्रवाल्यांचे, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे, असे आम्हांस वाटते. आणि तिची किंमत पहिली-दुसरीतल्या मुलांबरोबर आपणही मोजत आहोत.

उदाहरण कापसाचे घेऊ. जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तिथल्या मुलांच्या हाती कपाशीची बोंडे आणि मेंढीची लोकर देण्यात आली. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकात ड्यूई यांनी ही हकिगत सांगितली आहे. मुलांचा एक गट अर्धा तास सरकीपासून कापूस सोडवीत बसला. हाती आला तो एका औंसाहूनही कमी, म्हणजे पुरता २८ ग्रॅमदेखील नव्हे. लोकरीच्या मानाने सुती कापडाचा धंदा मागाहून का वाढला, याचे उत्तर त्या अर्ध्या तासात होते. आपल्यालाही ते कारण मुलांकडूनच कळले, अशी कबुली ड्यूई देतात. वनस्पती, वजनमाप आणि इतिहास असे तिन्ही विषय एकाच बोंडात निघाले.

आपल्याकडेही हा विचार परका नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, म्हणजे ऐन कापसाच्या मुलखात, शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. हस्तोद्योगाभोवती सर्व विषय गुंफायचे, हे तिचे सूत्र. त्याला 'समवाय' असा नेमका शब्दही मिळाला. पुढे मात्र पुष्कळ ठिकाणी समवाय गळाला आणि टकळी तेवढी उरली. सूत किती निघाले हे मोजले गेले. ते काढताना मुलांना काय विचारावेसे वाटले, याची नोंद ठेवणे कुणाला महत्त्वाचे वाटले नाही. आमच्या मते खरी उणीव तिथे होती. हाताला काम मिळाले, जिभेला मिळाले नाही.

कारण प्रश्न हे आधी एक वाक्य असते. समजा, यवतमाळकडच्या एखाद्या वर्गात दुसरीतली मुलगी बोंड उकलता उकलता विचारते, "सरकीले कापूस कायले रायते जी?" शिक्षक तत्परतेने सांगतात, "कायले नाही, कशाला म्हणावं." मुलगी प्रमाण रूप उच्चारते आणि खाली बसते. भाषेचा तास यशस्वी झाला, प्रश्न मात्र मेला. वास्तविक तो किती दूर जाणारा होता! वाऱ्यावर तरंगणारी रुईची म्हातारी त्या मुलीने पाहिलेली असते. बी दूर जावे म्हणून तिला केस असतात, इथपर्यंत ती स्वतः पोचली असती. मग कपाशीचे तंतू इतके लांब कुणी केले, हा पुढचा प्रश्न तिला हजारो वर्षांच्या शेतीपर्यंत घेऊन गेला असता. सुतावरून स्वर्ग गाठणे आपण चेष्टेने म्हणतो; सात वर्षांच्या मुलाला तसे गाठू देणे, हेच शिक्षण होय.

यावर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. अक्षरओळख, वाचनाचा सराव, पाढे यांना घोटून घेण्यावाचून पर्याय नाही. 'क' या आकाराला 'क' का म्हणतात, याचा शोध लागत नसतो. तो संकेत आहे, सांगावाच लागतो. शोधाच्या नावाखाली घरी आई-वडिलांनी रात्री जागून चिकटवलेले प्रकल्प आम्हीही पाहिले आहेत. तेव्हा सर्व काही शोधातूनच शिकवावे, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की, जिथे मूल आपण होऊन विचारते, तिथे त्याचे वाक्य वाचवले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात कृती व शोधातून शिकणे आणि शक्यतो मातृभाषेतून शिकणे या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. त्या शेजारी-शेजारी आल्या, हा आम्हांस योगायोग वाटत नाही.

आता आपल्याविषयी. महाविद्यालयात कविता शिकवायला उभे राहावे, तर वर्गातून येणारा प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, हे परीक्षेला येणार का?" आपण हताश होतो, पिढीला बोल लावतो. पण धडा संपला की दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहायची, हे या विद्यार्थ्यांना तिसरी-चौथीपासून शिकवले गेले आहे. बारा-पंधरा वर्षे ज्याने स्वतःचा प्रश्न रचलेला नाही, तो एकाएकी कवितेला काय विचारणार?

म्हणून कापसाचा तास मराठीच्या शिक्षकाचाही आहे. मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावा, आठवडाभर पुसू नये. प्रमाण रूप त्याच्या शेजारी लिहावे, त्याच्या जागी नव्हे. बोंड, सरकी, पेळू, टकळी हे शब्द अर्थासाठी पाठ करून न घेता हातातून येऊ द्यावेत. यासाठी निधी लागत नाही, शासननिर्णयाची वाटही पाहावी लागत नाही. बोलींवर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विभागांनी एवढे जरी प्राथमिक शिक्षकांपर्यंत नेले, तरी 'कायले' विचारणारी ती मुलगी खाली बसणार नाही.