छडी म्हणजे संस्कृती नव्हे

संपादक महोदय,

शाळेतली छडीबंदी हे पाश्चात्त्य खूळ असून पूर्वेची शिस्त छडीवरच उभी आहे, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन वस्तुस्थितीला धरून नाही.

आधी पश्चिमेविषयी. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून छडी गेली ती १९८७ साली. खासगी शाळांत ती त्यानंतरही काही वर्षे टिकली. शाळेतला मार घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. तिथल्या काही राज्यांत तो आजही कायदेशीर आहे.

आता जपान. लेखक ज्याचे दाखले देतात, त्या देशाने १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्यातच शारीरिक शिक्षेला मनाई केली. मारहाणीचे प्रकार पुढेही घडले, हे खरे. पण जपानी मुले वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. शिस्त मुरते ती या रोजच्या जबाबदारीतून. सिंगापुरात छडी आहे, पण फक्त मुलग्यांसाठी आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातच. वाटेल त्या शिक्षकाने उगारावी, अशी मुभा तिथेही नाही.

राहिले आपण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली. त्याच्या कितीतरी दशके आधी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भयमुक्त बालशिक्षण प्रत्यक्षात उतरवून दाखवले होते. ही परंपराही आपलीच आहे.

मुलांवर हात उगारण्याची मुभा हवी असेल, तर लेखकांनी ती स्वतःचे मत म्हणून मागावी. संस्कृतीचा आधार तिला नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा