बंदुकीची उत्सवमूर्ती

आमच्या घरातलं सर्वांत जहाल शस्त्र म्हणजे विळी, आणि तिचाही परवाना सौभाग्यवतींच्या नावावर आहे. अशा माणसानं बंदुकीविषयी वाद घालावा, हे कासवानं डर्बीच्या शर्यतीवर मत देण्यासारखं आहे. मान्य! कॉलेजात असताना एन.सी.सी.त मी थ्री-नॉट-थ्रीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यांतली एकही निशाणाच्या वाटेला गेली नाही. माझा खांदा मात्र आठवडाभर ठणकत होता.

तरीही मी वाद घालणार. कारण मुलीकडे अमेरिकेत, ओहायोत, चार महिने राहायला गेलो आणि शेजारच्या आजोबांच्या बंदुकीवरून आमच्या घरात दोन तट पडले. एका तटात जावईबापू आणि त्यांचा अख्खा नेमबाजीचा क्लब, दुसऱ्यात मी एकटा. सौ. तटस्थ, म्हणजे दोघांच्याही विरुद्ध.

हे आजोबा निवृत्त शाळामास्तर. त्यांना जुन्या लष्करी बंदुका जमवण्याचा नाद, आणि दर शनिवारी त्या चालवण्याचाही. त्यातली एक हातात घेतली आणि मी चमकलो. लोखंडावर राजमुकुट आणि त्याखाली इंग्रजीत चक्क ‘इशापूर’! कलकत्त्याजवळच्या आपल्या इशापूरच्या कारखान्यातली ली-एनफिल्ड. १९०७ साली हा नमुना ब्रिटिश फौजेत आला. दोन महायुद्धांत आपल्या पलटणींच्या खांद्यावर याच घराण्याच्या बंदुका होत्या, आणि एन.सी.सी.त माझ्या खांद्याचा भुगा केला तीही याच घराण्यातली. परदेशात गाववाली भेटावी तसं मला झालं. पण गाववालीचा पोशाख पाहिला आणि दचकलो. खांद्याला टेकतो तो दस्ता आणि नळीखालचं लांब लाकूड, दोन्ही गायब. त्यांच्या जागी काळं प्लॅस्टिक. नऊवारीवर रेनकोट घातल्यासारखं दिसत होतं.

“बाबा, हा भ्रष्टाचार आहे,” जावईबापू म्हणाले. “चालवायची तर मूळ लाकडासकट चालवावी, नाहीतर कपाटात ठेवावी. ही आता बंदूकच राहिली नाही.”

प्लॅस्टिक विद्रूप आहे यावर माझं दुमत नाही. पण आजोबांनी मला कपाटाजवळ नेलं आणि सुती कापडात गुंडाळलेलं मूळ लाकूड दाखवलं. त्यावर कारखान्याचे, तपासनिसांचे, दुरुस्तीचे ठसे होते. काही इतके पुसट, की बोटानंच वाचावेत. ऐंशी वर्षांचं वाळलेलं लाकूड. दर गोळीला मागून धक्का. त्यात पाऊस, घाम. यंत्राचं तेल झिरपून लाकूड मऊ पडतं आणि एक दिवस दस्त्याच्या तोंडाशी बारीक चीर दिसते. मग कुणीतरी हौशी माणूस सँडपेपर घेऊन बसतो, लाकूड आरशासारखं चकचकीत करतो, आणि त्या चकाकीत सगळे ठसे कायमचे नाहीसे होतात. लोखंडाला पुन्हा रंग चढवता येतो. खरवडलेला ठसा परत येत नाही.

या बाबतीत जगात तीन पंथ आहेत, आणि तिन्ही मला नामंजूर आहेत.

पहिला पंथ करवतवाद्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या लष्करी बंदुका स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी त्या घेतल्या, पुढचं लाकूड करवतीनं कापलं आणि हरणाच्या शिकारीसाठी हलक्या केल्या. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं असेल. वडिलोपार्जित सागवानी दरवाजाचं टीपॉय करतानाही माणसाला शहाणपणाचंच वाटतं. दुसऱ्या बाजूनं आज हेच संग्राहक एका अखंड बंदुकीसाठी गावोगाव फिरतात.

दुसरा पंथ कपाटवाद्यांचा. यांच्या मते वस्तूला हात लावला की ती संपली. माझ्या आईची पैठणी अशीच होती. ती लग्नात नेसली, माझ्या मुंजीत नेसली आणि ‘पुढच्या चांगल्या कार्याला’ म्हणून ट्रंकेत ठेवली. पुढचं चांगलं कार्य म्हणजे माझं लग्न. त्या दिवशी पैठणी उलगडली तर ती घडीघडीवर उसवली होती. एकदाही न नेसता फाटली! आई काही बोलली नाही. साधं रेशमी लुगडं नेसून मांडवात आली. जपणं म्हणजे डांबून ठेवणं नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो.

तिसरा पंथ शुद्धतावाद्यांचा, आमच्या जावईबापूंचा. मूळ ते मूळ, बदललं की बाटलं. यांना माझा प्रश्न असा, की मूळ म्हणजे कोणतं? ली-एनफिल्डचे दस्ते फौजेत चार मापांचे असत. उंच शिपायाला लांब, ठेंगण्याला आखूड. म्हणजे पलटणीत दस्ता हा बुटासारखा मापाचा प्रकार होता. मोडला की लष्करी मिस्त्री काढून दुसरा बसवी. इशापूरच्या बंदुकांत तर लाकूड फाटू नये म्हणून आडवा जादा स्क्रू घातलेला सापडतो. खुद्द फौजेनं जे केलं, ते आजोबांनी केलं तर धर्म बुडाला?

आणि धर्माचंच म्हणाल, तर आपल्या देवळांत काय चालतं? मूळ मूर्ती गाभाऱ्यात. पालखीत मिरवते ती उत्सवमूर्ती. दूध, दही, मध सोसायला पुष्कळ देवळांत तीच पुढे होते, कारण रोजच्या अभिषेकानं पाषाणसुद्धा झिजतो. पालखी पाहून कुणी म्हणतं का, की देव खोटा आहे? प्रत्यक्ष देवाला जी सवलत आहे, ती एका बंदुकीला का नसावी?

मात्र उत्सवमूर्तीलाही नियम असतात, आणि ते आजोबा कडकपणे पाळतात. एक, नव्या लाकडावर जुने ठसे मारायचे नाहीत. असे खोटे ठसे मारून विकणारे महाभाग आहेत. भ्रष्टाचार म्हणायचा तर तो त्यांचा. दोन, सारखी खोलाखोल करायची नाही, कारण दर वेळी लाकडाची पकड सैल होते. एकदा बदललं की तसंच राहू द्यायचं. तीन, काढायची रीत शिकायची. मी उत्साहानं मागच्या दस्त्याच्या स्क्रूला हात घातला, तेव्हा आजोबांनी माझ्या हातावर शाळामास्तरी चापट मारली. या बंदुकीत पुढचं लाकूड आधी काढावं लागतं. मागचा बोल्ट आधी फिरवला तर पुढचं लाकूड चिरतं. आणि चार, काढलेलं लाकूड दमट तळघरात किंवा माळ्यावर टाकायचं नाही. अडगळीत गेलेली मूळ मूर्ती ही मूर्ती नसून सरपण आहे.

हे सारं मी जावईबापूंना ऐकवलं. “बाबा, एवढा खटाटोप एका लाकडासाठी?” ते म्हणाले. आजोबा उठले आणि त्यांनी दुसरा दस्ता आणला. १९३१ सालच्या नमुन्याच्या स्विस बंदुकीचा, ओरखड्यांनी भरलेला. स्वित्झर्लंडात शिपाई आपली बंदूक घरी नेत. आजोबांनी दस्त्याच्या टोकावरची लोखंडी पट्टी दोन स्क्रू काढून उचलली. आत कागदाची एक चिठ्ठी होती. त्यावर त्या शिपायाचं नाव आणि त्याची पलटण. कागद पिवळा पडला होता, पण शाई वाचता येत होती.

नाव मी इथे लिहीत नाही. मला त्याची परवानगी नाही. पण तो दस्ता पावसात भिजला असता, तर तो माणूस त्या चिठ्ठीसकट पुसला गेला असता. इशापूरच्या दस्त्यात चिठ्ठी नाही. आपल्या शिपायाचं नाव त्यात कुणी ठेवलं नाही. त्याच्या हाताच्या घामानं काळवंडलेली जागा तेवढी आहे. माझ्या मते ती जागा हीच चिठ्ठी.

जावईबापू बराच वेळ ती पिवळी चिठ्ठी पाहत राहिले. मग म्हणाले, “प्लॅस्टिक निदान तपकिरी तरी घ्यायचं.” तहाची ही कलमं मी ताबडतोब मान्य केली.

त्या शनिवारी आजोबांनी मला ती उत्सवमूर्ती चालवायला दिली. मी पाच गोळ्या झाडल्या. निशाण नेहमीप्रमाणे सुखरूप राहिलं, खांदा नेहमीप्रमाणे ठणकला. घरी कपाटात, सुती कापडात, इशापूरचं लाकूड मात्र शांत पडलं होतं. त्यानं आपल्या वाट्याचं कधीच सोसून झालं आहे.