झाड छाटायला आलेल्या माणसाला भाव सोडून आणखी काय विचाराल?

आखाजी उलटली की आमच्या नामपूरकडे, मोसम खोऱ्यातल्या मळ्यांमध्ये एक काम घरोघरी निघतं. पत्र्यावर टेकलेला कडुनिंब, विजेच्या तारेत घुसलेला गुलमोहर, शेडवर वाकलेलं सुबाभूळ. पाऊस आणि वावटळ सुरू होण्याआधी या फांद्या उतरवायच्या असतात. मग कुणीतरी एक नंबर देतं, माणूस येतो, झाडाभोवती दोन चकरा मारतो, मान वर करून बघतो. आपण विचारतो, "किती घेशील भाऊ?" तो आकडा सांगतो, आपण निम्मा सांगतो आणि मध्ये कुठेतरी सौदा तुटतो. मग तो लुंगी खोचून वर चढतो.

इंग्लंड-अमेरिकेत या कामाला 'ट्री सर्जन' असं भारदस्त नाव आहे. मी स्वतः सर्जन नाही, फिजिशियन आहे, त्यामुळे या पदवीचा मला थोडा हेवाच वाटतो. तिकडे झाडावर चढून करवत चालवायची तर किमान दोन माणसं लागतात आणि खालच्या माणसाला वर अडकलेल्याला उतरवता यायला हवं, असा दंडक आहे. आपल्याकडे खालचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा त्याचाच शाळकरी मुलगा किंवा भाचा असतो. तो दोर ओढतो आणि फांद्या बाजूला करतो.

माझं मत सरळ आहे. झाडावरून पडण्याचं कारण झाडावर कमी आणि खाली अंगणात जास्त ठरतं, म्हणजे आपण काम कसं ठरवतो त्यावर. म्हणून हा लेख झाड छाटणाऱ्यांइतकाच, किंबहुना जास्त, झाडाच्या मालकांसाठी आहे.

या माणसाचं काम बहुतेक उक्तं असतं, रोजाचं नसतं. कधी पैसे, कधी पैशाऐवजी लाकूड. लाकूड त्याचं असेल तर ते तोडून, ट्रॉलीत भरून वखारीला नेईपर्यंतचा सगळा खटाटोप त्याचाच. उक्त्या कामात दिवस लांबला की नुकसान त्याचं, त्यामुळे तो घाई करतो. सकाळी सहाला चढलेला माणूस 'एवढी एक फांदी' म्हणत मे महिन्याच्या दुपारी बाराला वरच असतो. पाणी प्यायला उतरत नाही, कारण पुन्हा चढावं लागतं. पाऊस लागला की हे काम आटतं. मग तो कांदा भरायला जातो, डाळिंबाच्या छाटणीला जातो. त्याला आजारपणाची रजा नाही, मालक नाही, दहा जणांची आस्थापना नाही, म्हणून राज्य कामगार विमा नाही. पाठ धरली की माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, इंजेक्शन देऊन टाका, उद्याचं काम घेतलंय."

उंचीचं गणित आधी समजून घ्या. २० फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या जवळ असतो. ४० च्या वेगाने मोटरसायकल भिंतीवर घालण्याइतकं ते आहे, फक्त मोटरसायकल नाही. पायांवर पडला तर टाचेचं हाड चेंगरतं आणि धक्का वर जाऊन छाती-कंबरेच्या सांध्यावरचा मणका दबतो. म्हणूनच टाच मोडलेल्या रुग्णाच्या कंबरेचाही एक्स-रे काढतात. 'टाच दुखतेय, पाठीचा फोटो कशाला?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी हे मुद्दाम सांगितलं. मणक्यातली मज्जारज्जू दुखावली तर दोन्ही पाय जातात, लघवी-शौचावरचा ताबा जातो, आणि घरातला कमावता माणूस तीस-चाळीसाव्या वर्षी अंथरुणाला खिळतो. पुढे बेडसोर आणि लघवीचा जंतुसंसर्ग, हे दुखणं वर्षानुवर्षं चालतं.

आता काय विचारायचं ते.

पहिलं म्हणजे तार. झाडाजवळून लाइन जात असेल तर महावितरणकडून ती रीतसर बंद करून घ्या आणि बंद झाल्याचं खात्रीने कळल्याशिवाय कुणालाही चढू देऊ नका. आपल्याकडे एक घातक सवय आहे. लोडशेडिंगची वेळ बघून काम ठरवायचं. 'लाइट गेली आहे' आणि 'लाइन बंद केली आहे' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेलेली लाइट कधीही येते. शेतीच्या फीडरची वेळ बदलते, शेजारच्याचा जनरेटर उलटा प्रवाह सोडू शकतो. ११ हजार व्होल्टच्या तारेला हात लागायचीही गरज नसते, ओली फांदी पुरते. विजेच्या धक्क्याने हृदयाचे ठोके बिघडतात, हात आखडून पकड सुटते आणि वरून पडण्याची जखम वेगळीच. लाइन बंद करून घ्यायला अर्ज आणि हेलपाटे लागतात, मला माहीत आहे. पण ते मालकानेच घालायचे आहेत. चढणाऱ्याने नाहीत.

दुसरा प्रश्न वैद्यकीय आहे आणि तो सहसा कुणीच विचारत नाही. "काही खाल्लंय का? कोणती गोळी चालू आहे?" यातले बरेच जण आता पंचेचाळीस-पन्नाशीचे आहेत, कारण तरुण पोरं या कामात फारशी येत नाहीत. पन्नाशीत बीपी आणि साखर आलीच. साखरेची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, नाश्ता न करता झाडावर चढलेल्या माणसाची साखर तासाभरात खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. जमिनीवर हे झालं तर साखर-पाणी देऊन माणूस बसता होतो, वीस फुटांवर झालं तर तो खालीच येतो. बीपीची आणि प्रोस्टेटची काही औषधं, उदाहरणार्थ प्राझोसिन किंवा टॅमसुलोसिन, अचानक उभं राहिल्यावर चक्कर आणतात. सर्दीची साधी गोळीही झोप आणते. श्रावणातले आणि नवरात्रातले उपास धरून चढणारेही पाहिले आहेत. गोळ्या बंद करा असं मी म्हणत नाही, तसं मुळीच करू नका. हे काम करत असाल तर तुमच्या डॉक्टरांना 'मी झाडावर चढतो' एवढं वाक्य सांगा. औषध, वेळ, मात्रा त्यानुसार ठरवता येते. आणि दारू: आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तर त्या दिवशी काम नाही. मालकाने कामाआधी किंवा काम चालू असताना 'शिणवटा घालवायला' पाजणं हा तर शुद्ध बेजबाबदारपणा.

तिसरं, दोर कसा बांधतोस? पोटाला एक फेरा मारून बांधलेला दोर माणसाला धरतो खरा, पण पडताना सगळा झटका बरगड्या आणि यकृतावर बसतो. लोंबकळत राहिला तर श्वास घेणं अवघड होतं. खांद्यांना आणि मांड्यांना पट्टे असलेला पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो चढणाऱ्याकडे नसेल तर चार-पाच शेजाऱ्यांनी, किंवा मळ्यातल्या भावकीने, मिळून एक घेऊन ठेवावा. आपण फवारणीचा पंप घेतोच की. फक्त तो वरच्या भक्कम खोडाला बांधायला हवा. जी फांदी कापायची तिलाच दोर बांधलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. आणि झाडाची जात बघा. शेवगा आणि जांभूळ वरून धष्टपुष्ट दिसतात, पण फांदी न वाकता कडकन मोडते.

एक आडवळण. फांद्या उतरवणं वेगळं आणि झाड पाडणं वेगळं. आंबा, चिंच, जांभूळ अशा काही जातींची झाडं तोडायला १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. ती न घेता काम केलं की ते भल्या पहाटे, अंधारात, गुपचूप आणि घाईत होतं. कायद्याचं राहू द्या, मला त्या अंधाराची काळजी वाटते.

मोहोळ आहे का हे खालूनच बघून घ्यावं. आग्या मोहोळाच्या माशा शेकड्यांनी चावतात. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना, कारण तिथे अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. कटर मशीन खांद्याच्या वर उचलून, एका हाताने चालवू नये. ते उलटं उसळतं आणि मान किंवा चेहऱ्यावर येतं. रोज मशीन चालवणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, कानात शिट्टी वाजते. ही वयाची लक्षणं नव्हेत, मशीनच्या कंपनाची आणि आवाजाची आहेत, आणि कानाचं गेलेलं परत येत नाही.

पैशाबद्दल दोन गोष्टी, कारण औषधोपचार शेवटी तिथेच अडतात. केरळात नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने २०११ पासून प्रशिक्षण सुरू केलं, त्यांच्यासाठी 'केरा सुरक्षा' नावाचा विमाही आहे. कडुनिंबावर चढणाऱ्याला असं काही नाही. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे आणि तीत उंचावरून पडणं धरलेलं आहे, पण ती सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे एकाच झाडावरून मालक पडला तर त्याच्या घराला मदत, भूमिहीन मजूर पडला तर नाही. मला हे चुकीचं वाटतं. तोपर्यंत निदान पंतप्रधान सुरक्षा विमा तरी त्याने घ्यावा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँक खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यास २ लाख. मुदत १ जून ते ३१ मे, त्यामुळे मे अखेरीस खात्यात तेवढे पैसे हवेत. दवाखान्याचं बिल यातून मिळत नाही, त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. सौदा करताना ज्या शंभर रुपयांसाठी आपण घासाघीस करतो, त्यात पाच वर्षांचा हप्ता निघतो.

एवढं करूनही कुणी पडलाच, तर पहिली पाच मिनिटं तुमच्या हातात आहेत. त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, हातपाय धरून उचलू नका. मान आणि पाठ आहे तशी ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्धीत असेल तर पायाची बोटं हलवायला सांगा आणि हलली की नाही ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. हलवावंच लागलं तर तीन-चार जणांनी डोकं, खांदे, कंबर आणि पाय एकदम, एका रेषेत कुशीवर वळवून खाली फळी किंवा दरवाजाचं पल्लं सरकवावं. कटरने रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. हळद नको, तंबाखू नको. हाड बसवणाऱ्याकडे तर अजिबात नेऊ नका.

सगळ्यात फसवा तो, जो पडतो, कपडे झटकतो आणि 'काही नाही झालं' म्हणत चालत घरी जातो. पानथरी फाटली असेल तर रक्त पोटात हळूहळू साठतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोट दुखतं, डावा खांदा दुखतो, माणूस पांढरा पडतो, घाम सुटतो. डोक्याला मार असेल तर आधी ठीक वाटून नंतर उलट्या आणि गुंगी येते. म्हणून दहा-बारा फुटांवरून पडलेल्या प्रत्येकाला, तो कितीही नको म्हणाला तरी, त्याच दिवशी तपासून घ्या. आणि रात्री झोपण्याआधी त्याच्या घरी फोन करून विचारा: जेवला का, लघवी झाली का, नीट बोलतोय का.