संन्याशाचे बिऱ्हाड

जागेची अडचण म्हणजे काय, हे आमच्यासारख्या भाडेकरूला कुणी समजावून सांगायला नको. लग्नानंतरच्या सोळा वर्षांत आम्ही चार बिऱ्हाडे बदलली. दर वेळी भांडीकुंडी आणि माझी पुस्तके टेम्पोत चढवताना मला वाटे, एवढी वणवण देवाने फक्त मध्यमवर्गाच्याच कपाळी लिहिली आहे. हा गैरसमज गेल्या मे महिन्यात दूर झाला. आणि तो दूर केला एका खेकड्याने.

मुलांना समुद्र दाखवावा म्हणून आम्ही मुरूडला गेलो होतो. जंजिऱ्याचे मुरूड नव्हे. दापोली तालुक्यातले, अण्णासाहेब कर्व्यांचे. पहिल्याच संध्याकाळी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेलो, तो ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची सुरेख नक्षी पसरलेली.

"बाबा, ही रांगोळी कुणी काढली?" सुमाने विचारले.

"निसर्गाने!" मी म्हणालो. मराठीच्या प्राध्यापकाला असे उत्तर कधीही देता येते.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्या आजी बरोबर होत्या. त्या हसून म्हणाल्या, "रांगोळी कसली, मास्तर! खरकटं आहे ते." आणि त्यांनी बोटाने दाखवले. नखाएवढा एक खेकडा बिळाच्या तोंडाशी बसून वाळू तोंडात घालीत होता, तिच्यातला खाण्याजोगा अंश चाटूनपुसून घेत होता आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकीत होता. भरती आली की सारी नक्षी पुसली जाते. पुढच्या ओहोटीला हे महाशय पुन्हा पानावर बसतात.

बंडूचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. त्याला दिवाळीच्या किल्ल्यासाठी शंख हवे होते. तासाभरात त्याने पिशवी भरली. मीही त्याला वाकून वाकून मदत केली. फुकट मिळणारी वस्तू गोळा करताना आमच्या वर्गाला कंबरदुखी आठवत नाही.

रात्री दिवे मालवले, आणि कोपऱ्यात खुडबुड सुरू झाली. 'उंदीर!' म्हणून सौभाग्यवती उठून बसल्या. मी बॅटरी लावली. पिशवीतून बाहेर पडलेला एक शंख जमिनीवरून चालला होता! शंखाच्या तोंडातून चार-सहा पाय आणि दोन नांग्या बाहेर आल्या होत्या. उजेड पडताच सारे आत गेले, आणि नांगीचे दार लागले.

गलबला ऐकून आजी आल्या. त्यांनी पिशवी पालथी केली. तीन शंखांत बिऱ्हाडे होती. दोन हलत होती. तिसरे हलेना.

"सकाळी सोडू," मी म्हणालो.

"पाण्यातला जीव तो. ओल सुकली की संपलं," एवढेच आजी म्हणाल्या.

बंडूने शर्ट घातला. तो रडत नव्हता. पण माझ्याकडे बघतही नव्हता. आम्ही दोघे बॅटरी घेऊन अंधारात किनाऱ्यावर गेलो. पाण्याच्या कडेला शंख ठेवले. पहिला चालू लागला. थोड्या वेळाने दुसराही निघाला. तिसऱ्याजवळ आम्ही बराच वेळ उकिडवे बसून राहिलो. लाट आली, तिने त्याला उलटे केले, सरळ केले आणि नेले.

"बाबा, तो झोपला होता का?"

वर्गात करुणरसावर मी तासन् तास बोलतो. त्या वेळी मात्र मला 'माहीत नाही' एवढेच म्हणता आले.

पुण्याला परतल्यावर आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी बंडूला सगळे नीट सांगितले. शंख बांधते गोगलगायीच्या जातीचे प्राणी. ते मेल्यावर हा खेकडा रिकाम्या जागेत राहायला येतो. त्याचे पोट मऊ असते, त्यावर कवच नसते. शंखाबाहेर राहील तर कुणीही खाईल. बरे, स्वतःचे घर त्याला बांधता येत नाही, आणि अंग तर वाढतच असते. त्यामुळे जन्मभर एका शंखातून दुसऱ्या मोठ्या शंखात! कधी कधी एखादा मोठा शंख रिकामा सापडला, की लहानमोठे खेकडे त्याच्याजवळ ओळीने जमतात. सर्वांत थोरला नव्या घरात शिरतो, त्याच्या जुन्या घरात दुसरा, त्याच्या घरात तिसरा. पागडी नाही, अनामत नाही! आणि गंमत अशी, की ज्याला सारा जन्म घराचीच विवंचना, त्याला इंग्रजीत नाव मिळाले 'हर्मिट क्रॅब', म्हणजे संन्यासी खेकडा!

"मग रिकामा शंख आणला तर?" बंडूने विचारले.

"तर तिकडे कुणाची तरी एक जागा कमी झाली."

मला तेव्हा कळले, की त्या रात्री बंडूने पिशवीतले उरलेले शंखही वाळूवर का ओतले होते. 'हे रिकामे आहेत, राहू देत' असे मी म्हणालो होतो, आणि त्याने ऐकले नव्हते. शास्त्र त्याला मागाहून समजले. न्याय आधीच समजला होता.

यंदा आमच्या किल्ल्यावर शंख नाहीत. मावळे आहेत, अळिवाची हिरवळ आहे, आणि पायथ्याशी बंडूने मातीचा एक वेडावाकडा शंख केला आहे. दिवाळीनंतर आम्ही पाचव्या बिऱ्हाडी, तीन खोल्यांच्या जागेत जाणार. ते कळल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "बाबा, मग या घरात कोण येणार?"