परिपाठाच्या वेळी

मराठवाड्यातली जिल्हा परिषदेची शाळा. कापूस वेचणीचे दिवस. परिपाठ सुरू होता. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली आणि तिसरीच्या रांगेतली एक मुलगी मटकन खाली बसली. बाईंनी तिला उचलून ओट्यावर टेकवलं, तोंडावर पाणी मारलं.

"काय खाऊन आलीस गं?"

"च्या."

आई-बाप उजाडायच्या आत वेचणीला गेलेले. बाईंनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढं ठेवली. मला म्हणाल्या, "खिचडी शिजेपर्यंत तग धरत नाहीत हो पोरं."

कोणत्या राज्याच्या शाळा चांगल्या, ही चर्चा निघाली की आपण वाचन किती जणांना येतं, भागाकार किती जणांना जमतो, हे आकडे काढून बसतो. मला ती ओट्यावरची मुलगी आठवते. ती तमिळनाडूत असती, तर पहिल्या तासाआधी तिच्या पोटात गरम उपमा नाहीतर पोंगल गेलं असतं, वर सांबार. तिथं सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईत शाळेतल्या न्याहारीची योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली. ही एका सरकारची करामत नव्हे. मद्रास महापालिकेनं १९२० मध्येच एका शाळेत पोरांना खाऊ घालायला सुरुवात केली होती. १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी दुपारचं जेवण राज्याचं काम मानलं, १९८२ मध्ये दुसऱ्या पक्षाचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी ते वाढवलं. पक्ष एकमेकांचे हाडवैरी, पण पोरांपुढचं ताट कुणी ओढलं नाही. आपल्याकडं महिन्याला ३ किलो तांदूळ पिशवीतून घरी जायचा. तो शाळेत शिजायला सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश यावा लागला.

वारसा आपल्याकडं नाही असं कोण म्हणेल? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. पुढं १९९२ मध्ये राज्यानं गरीब घरच्या मुलींना हजेरीसाठी भत्ता सुरू केला, दिवसाला १ रुपया. आणि वर्षानुवर्षं तो रुपयाच राहिला! महाराजांचा रुपया बापाला झोंबायचा. आमच्या रुपयात लिमलेटची गोळी येते. ज्या बिहारला आपण ऊठसूट नावं ठेवतो, त्यानं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि लांबच्या गावांतल्या मुली हायस्कुलात दिसू लागल्या. आपलं राज्य त्याहून कितीतरी श्रीमंत आहे, म्हणून मला याची जास्त चीड येते.

निघताना खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारलं, सकाळची न्याहारी करायची ठरली तर जमेल का?

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रवा द्या अन् मानधन येळंवर द्या. म्या सातलाच येते."